सहा तासांची बिअर, तुकड्यातुकड्यांत: माझा अनुभव

घरी मॉल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून, बिअर करायची तर सहा तास हवेत, असं या छंदातलं कुणीही सांगेल. पाणी तापवायला पाऊण तास, दळलेलं मॉल्ट गरम पाण्यात मुरायला एक तास, तो चोथा धुऊन गाळायला आणखी पाऊण, मग उकळी येईपर्यंत थांबायचं, मग तासभर उकळायचं, थंड करायचं, आणि शेवटी भांडी. भांडी घासण्याबद्दल कुणी बोलत नाही, पण एक तास त्यातच जातो.

माझ्याकडे सलग सहा तास नाहीत. आम्ही ओरेगॉनमध्ये, हिल्सबरोला राहतो. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे, आणि ऑन-कॉलच्या आठवड्यात फोन उशाशीच असतो. नवऱ्याची बारा तासांची शिफ्ट, एका आठवड्यात तीन दिवस, दुसऱ्यात चार. दोन मुलं, मोठा दुसरीत. हा छंद मला मुलं होण्याआधी लागला आणि मुलं झाल्यावर बकेटा गॅरेजच्या माळ्यावर गेल्या. त्या परत खाली कशा आल्या, त्याची ही हकिकत.

आधी कायद्याचं, कारण पुण्याहून फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. अमेरिकेत हे चालतं. कार्टर अध्यक्ष असताना ऑक्टोबर १९७८ मध्ये कायद्यावर सही झाली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून घरगुती बिअर करमुक्त झाली: एका प्रौढ माणसाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोघं असतील तर दुप्पट. आम्ही त्याच्या जवळपासही जात नाही. ओरेगॉनमध्ये २०१० साली मधेच असा अर्थ निघाला की घरची बिअर घराबाहेर नेता येणार नाही. त्या वर्षी स्टेट फेअरमधली घरगुती बिअरची स्पर्धाही होऊ शकली नाही. २०११ मध्ये कायदा दुरुस्त झाला. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा सरळ गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोथरूडमध्ये कुणी पातेलं चढवू नये.

तर वेळ. सुरुवातीला मी वेळ शोधत होते. सगळे तेच करतात, कॅलेंडरवर एखादा मोकळा शनिवार हुडकतात. तो सापडत नाही, आणि सापडला तर त्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस असतो. मग एका रविवारी कागद घेऊन मांडलं की या सहा तासांत माझे हात खरोखर किती वेळ लागतात. जेमतेम दीड तास. बाकी सगळं थांबणं, आणि थांबण्यासाठी मी शेजारी उभं राहण्याची गरज नसते. मग प्रश्न असा झाला की हे काम कुठे कुठे तोडता येतं आणि कुठे अजिबात तोडता येत नाही.

पहिलं धुणं-गाळणं काढून टाकलं. ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बिअरवाल्यांनी रूढ केलेली एक पद्धत आहे: मोठ्या कापडी पिशवीत मॉल्ट घालायचं, सगळं पाणी एकदमच घ्यायचं आणि शेवटी पिशवी उचलून निथळत ठेवायची. मागच्या पडवीच्या तुळईला कप्पी लावली आहे. श्रीखंडासाठी चक्का टांगतात तशी ती पिशवी पातेल्यावर लोंबकळत राहते. दुसरं मोठं भांडं गेलं, धुवायचा पाइप गेला, तासभर वाचला. मॉल्टमधली थोडी साखर चोथ्यात राहून जाते. त्यासाठी मी पाव किलो मॉल्ट जास्त घेते आणि विसरते.

दुसरी गोष्ट सगळ्यात कामाची ठरली. मॅश, म्हणजे गरम पाण्यात मॉल्ट मुरवणं, मी रात्रीवर टाकलं. शुक्रवारी मुलांची जेवणं झाली की साडेआठला पडवीतल्या बर्नरवर २६-२७ लिटर पाणी ठेवायचं. (बर्नर प्रोपेनचा आहे, म्हणून तो उघड्यावरच. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडची भीती असते.) पाणी ७० अंशांच्या आसपास आलं की पिशवीत साडेचार किलो दळलेलं मॉल्ट, नीट ढवळायचं, गुठळ्या मोडायच्या. तापमान ६७ ला स्थिरावतं. बर्नर विझवायचा, सिलिंडर बंद करायचा, बर्नर निवला की झाकण ठेवून पातेल्याला गोधडी गुंडाळायची. गोधडी साताऱ्याची आहे, सासूबाईंनी शिवलेली. ती अशा कामी येते हे त्यांना कळल्यावर काय झालं ते पुढे सांगते. साडेनऊला मी आत.

स्टार्चची साखर पहिल्या तासातच होऊन जाते. उरलेली रात्र पातेलं नुसतं हळूहळू निवत असतं. सकाळी साडेपाचला ५८-६० अंश मिळतात, थंडीत ५५. एवढं लांबल्याचा परिणाम होतोच. तापमान साठीच्या घरात उतरत असताना एक एन्झाइम कामच करत राहतं आणि यीस्टला खाता येणारी साखर वाढवत जातं, म्हणून बिअर जरा कोरडी, हलकी होते. मला पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, तशीच आवडते, त्यामुळे तक्रार नाही. पण पातेलं ५० च्याही खाली जाऊन तासन्‌तास पडून राहिलं तर लॅक्टोबॅसिलस, म्हणजे आंबवणारे जिवाणू, जागे होतात आणि आंबट वास येऊ लागतो. म्हणूनच गोधडी, आणि म्हणूनच सगळं पाणी एकदम. मोठा साठा सावकाश निवतो.

पहाटे साडेपाच ही वेळ मुद्दाम निवडली आहे. २५ लिटर उकळतं, साखरेचं, चिकट पाणी आणि आजूबाजूला सायकल फिरवणारी मुलं, हे दोन्ही एका वेळी आमच्या घरात होत नाही. यावर चर्चा नाही. मुलं शनिवारी साडेसातला उठतात, तोपर्यंत आग विझलेली असते.

उकळणंही मी अर्ध्या तासावर आणलंय. पुस्तकं तासभर सांगतात, पण तासाचं मुख्य कारण हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात ती एका वेलाची बोंडं) कडवटपणा. अर्ध्या तासात तासाभराच्या साधारण तीन चतुर्थांश कडवटपणा उतरतो. तेव्हा हॉप्स एक तृतीयांश जास्त घालायचे, संपलं. दुसरं कारण पिल्सनर नावाच्या फिकट मॉल्टमधून येणारा शिजलेल्या मक्यासारखा वास. तो उकळताना वाफेबरोबर जातो. अमेरिकन पेल मॉल्टमध्ये तो फारसा नसतो. पिल्सनर मॉल्ट वापरलं तर मात्र मी निमूटपणे दीड तास उकळते, म्हणजे खरं सांगायचं तर पिल्सनर मॉल्ट वापरतच नाही.

मग थंड करणं. तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचं पाणी सोडून अर्ध्या तासात काम होतं, पण ते वेटोळं आधी-नंतर धुवा, पाइप जोडा, मागची जमीन भिजवा. इथेही ऑस्ट्रेलियनांची युक्ती: उकळता वर्ट, म्हणजे मॉल्टचं ते गोड पाणी, जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये काठोकाठ भरायचा, हवा दाबून काढायची, झाकण घट्ट लावायचं आणि कॅन आडवा करायचा, म्हणजे झाकणालाही गरम वर्ट लागून तेही निर्जंतुक होतं. कॅन खाद्यपदार्थांसाठीचा आणि उकळतं पाणी सोसणारा हवा, कुठलाही चालत नाही. गरम वर्टमध्ये हॉप्स बराच वेळ राहतात, म्हणून शेवटी घालायच्या हॉप्समधूनही कडवटपणा येतो. तो हिशोबात धरावा लागतो. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी, मुलं झोपली की, कॅन बकेटमध्ये रिकामा करायचा आणि यीस्ट घालायचं. असे भरलेले कॅन आठवडेच्या आठवडे ठेवणारे लोक आहेत. मी ठेवत नाही. बंद कॅनमध्ये हवा नसते आणि वर्ट बोटुलिझमला (हवेविना वाढणाऱ्या जिवाणूंची जीवघेणी विषबाधा) रोखण्याइतका आंबट नसतो. दुसऱ्या दिवशी यीस्ट, त्यापलीकडे नाही.

यीस्टही कोरडं, साडेअकरा ग्रॅमचं पाकीट. आदल्या दिवशी बरणीत यीस्ट वाढवत बसायचं प्रकरण मी सोडून दिलं. उन्हाळ्यात क्वाइक वापरते. हे नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं यीस्ट, ३५ अंशांनाही मजेत काम करतं आणि तीन-चार दिवसांत आटोपतं. नेहमीचं यीस्ट इतक्या उष्णतेत भलभलते वास सोडतं. नॉर्वेतल्या व्हॉस भागातलं क्वाइक तर संत्र्याचा वास देतं, जुलैत तो छान लागतो.

इथून पुढे बिअर माझ्या वेळापत्रकाची वाट बघते, मी तिची नाही. दोन आठवड्यांनी बघायचं ठरवलं आणि ऑन-कॉल लागला, तर तीन आठवडे झाले. एअरलॉकमधलं (बकेटच्या झाकणावरची नळी, वायू बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही) पाणी सुकू दिलं नाही म्हणजे काही बिघडत नाही. घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०५० वरून १.०१० वर आला आणि तिथेच थांबला की झालं, सव्वापाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल.

पैसे खर्च करायचेच असतील तर कुठे करावेत, याबद्दल माझं मत ठाम आहे. ॲपवर चालणाऱ्या चकचकीत इलेक्ट्रिक यंत्रावर नाही. केगवर. एकोणीस लिटर बिअर म्हणजे पन्नासच्या वर बाटल्या: प्रत्येक धुवा, निर्जंतुक करा, मोजून साखर घाला, भरा, बूच दाबा आणि पुन्हा दोन आठवडे थांबा. अख्खी संध्याकाळ जाते. केग एकच. पूर्वी सोड्याच्या सिरपसाठी वापरायचे ते स्टीलचे उंच डबे, जुने विकत मिळतात. धुवायचा, भरायचा, फ्रिजमध्ये ठेवून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडायचा. नवरा आधी म्हणाला, "अजून एक सिलिंडर? घर आहे की वर्कशॉप?" आता नळ उघडायला तोच पहिला असतो.

कापाकापी फक्त एका ठिकाणी करत नाही, ती म्हणजे स्वच्छता. वर्ट थंड झाल्यानंतर त्याला जे जे लागणार ते सगळं आम्लयुक्त सॅनिटायझरमध्ये बुडवलेलं हवंच. हे सॅनिटायझर न विसळता चालतं. बाटलीत भरून ठेवते आणि फवारते. भांडी घासणं मी थांबण्याच्या वेळेत घुसवलंय: उकळी येईपर्यंत पिशवी रिकामी, उकळताना कॅन धुऊन तयार. आग विझल्यावर एक पातेलंच उरतं.

या सगळ्या शिस्तीला सप्टेंबर जुमानत नाही. कुंपणावर कॅस्केडचा वेल आहे. ही हॉपची जात ओरेगॉनचीच, कॉर्व्हॅलिसला तयार झालेली आणि १९७२ मध्ये बाजारात आलेली. आमचा वेल ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरच्या सुरुवातीला तयार होतो, म्हणजे शाळा सुरू होतात तेव्हाच. बोंड दाबलं की कागदासारखं वाजायला लागतं, आत पिवळी पूड दिसते, बोटांना चिकटते आणि ग्रेपफ्रूटसारखा वास येतो. ओल्या हॉप्सची बिअर करायची तर तोडल्यापासून एका दिवसात ते वर्टमध्ये पडायला हवेत. ढिगात ठेवले की गरम होतात, तपकिरी पडतात.

त्यामुळे वेल ठरवतो कुठला शनिवार ते. ऑगस्टच्या मध्यापासूनच मॉल्ट दळून हवाबंद डब्यात, यीस्ट फ्रिजमध्ये. शुक्रवारी रात्री मॅश. सकाळी वर्ट उकळत असताना मी कुंपणाशी, लांब बाह्यांचा शर्ट घालून, कारण वेलाला बारीक काटेरी लव असते आणि हातावर चट्टे उठतात. ओल्या हॉप्समध्ये ८० टक्के पाणीच असतं, तेव्हा सुक्याच्या पाचपट घ्यावे लागतात: साठ ग्रॅमच्या जागी तीनशे. मात्र कडवटपणासाठी मी हॉप्सच्या विकतच्याच गोळ्या घालते. घरच्या हॉप्समध्ये कडवटपणा देणारं अल्फा ॲसिड किती आहे हे मोजायला माझ्याकडे साधन नाही. घरचे हॉप्स आग विझल्यावर, वासासाठी. आणि वापरलेले हॉप्स कंपोस्टमध्ये खोल पुरते. शेजारी कुत्रा आहे आणि कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात.

मागच्या वर्षी सासूबाई सहा महिने आमच्याकडे होत्या. पहाटे उठून त्यांनी पडवीत आपली गोधडी पातेल्याला गुंडाळलेली पाहिली.

"अगं, हे काय भिजत घातलंयस?"

"जव आहे आई. मोड आणून वाळवलेली."

"आणि माझी गोधडी?"

मी गप्प. त्यांनी झाकण उचललं, वास घेतला, बोट बुडवून चाखलं. "गोड आहे की! याची दारू कशाला करतेस?" आयुष्यात थेंबही न घेतलेल्या बाईंनी दोन दिवसांत निथळलेला चोथा ओव्हनमध्ये वाळवला, मिक्सरमधून काढला, चाळला आणि भाजणीत मिसळून थालीपीठ लावलं. टरफलं जरा टोचतात, म्हणून चाळणी बारीक हवी आणि चोथा भाजणीच्या चौथाईपेक्षा जास्त नको, हा त्यांचा शोध. गोधडीच्या बदल्यात इंडियन स्टोअरमधून एक जाड रजई आणावी लागली.

स्टाउट, म्हणजे काळी, दाट बिअर, मात्र या व्यवस्थेत बसत नाही. तिला अंगात थोडा गोडवा, जाडपणा हवा, आणि रात्रभराच्या मॅशमध्ये तोच निघून जातो. ६९ अंशांना एक तास ठेवून लगेच पुढे जायचं तर दुपार मोकळी हवी. यंदा मंडळाच्या दिवाळी नाटकात नवऱ्याने काम घेतलंय, रविवारी दुपारी तालमी आहेत आणि मुलांना तो बरोबर नेणार आहे. चार तास मिळतील असं म्हणतोय. भाजलेली बार्ली मागवून ठेवली आहे.