तुम्ही विचारलंत म्हणून: आबासाहेबांनी केलं काय?

मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा आहे असं कळलं की पुण्यात हा प्रश्न ठरलेला. ‘अकरा वेळा आमदार होऊन तुमच्या गणपतराव देशमुखांनी तालुक्यासाठी केलं काय?’ आम्ही त्यांना आबासाहेब म्हणतो. 2021 मध्ये ते गेल्यावर प्रश्न थोडा मऊ झाला, ‘साधे होते हो, एसटीनं फिरायचे, पण केलं काय?’ आजवर मी कधी चिडलो, कधी विषय बदलला. आज एकदा नीट सांगतो.

एसटीचं कौतुक बाजूला ठेवा. साधेपणानं रान भिजत नाही, हे माण नदीचं कोरडं पात्र बघत वाढलेल्या माणसाला शिकवायची गरज नाही. 1962 पासून हा माणूस शेकापमध्येच, म्हणजे शेतकरी कामगार पक्षातच राहिला, आणि 1978 व 1999 ची मंत्रिपदं सोडली तर बहुतेक काळ विरोधी बाकावर बसला. विरोधी आमदाराच्या हातात असतं काय? विधानसभेत तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, बाहेर मोर्चा. एवढ्यावर त्यांनी दुष्काळी पट्ट्याचं पाणी मागणं कधी थांबू दिलं नाही. 1993 पासून आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं ते तेरा तालुक्यांसाठी कृष्णेचं पाणी मागत राहिले. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती चालवून दाखवली. हे कमी आहे का?

चोवीस वर्षांचा असताना मला हे कमीच वाटलं होतं. तुमचाच प्रश्न मी तेव्हा विचारला होता, आणि नुसता विचारून थांबलो नव्हतो.

1995 ची विधानसभा. आयटीआय करून मी घरी बसलेला. बरोबरची पोरं पिंपरीला गेलेली, मी बाभळीखाली बसून त्यांची पत्रं वाचायचो. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेले, तेव्हापासून लाल बावट्याचे, म्हणजे शेकापचे. मतदानाच्या दिवशी ते पहाटेच पोलिंग एजंट म्हणून शाळेत जाऊन बसले. आईला वाचता येत नव्हतं. दर निवडणुकीला निघताना ती दादांना विचारायची, शिक्का कशावर मारायचा. त्या दिवशी दादा घरी नव्हते, म्हणून तिनं मला विचारलं.

मी दुसरं चिन्ह सांगितलं.

बायको आणि दोन चुलतभाऊ, त्यांनाही पटवलं होतं. पण त्यांना पटवलं होतं, आईला फसवलं. हा फरक मला त्या दिवशीही कळत होता, हे आज कबूल करतो. मी स्वतःला सांगितलं की तिच्याच पोराच्या नोकरीसाठी तिचं मत जातंय.

आबासाहेब 192 मतांनी पडले. सत्त्याण्णव माणसांनी तिकडचं मत इकडे टाकलं असतं तर निकाल फिरला असता, आणि त्यातली पाच आमच्या एका घरात होती. निकालाच्या रात्री दादा आले, पायही न धुता ओट्यावर बसले. आई भाकरी थापत होती. तिथूनच ती म्हणाली, ‘मी तर पोरानं सांगितल्याव शिक्का मारला. बरूबर व्हता न्हवं?’ कोणतं चिन्ह, ते तिनं सांगितलं. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी वाद घालायची तयारी करून बसलो होतो, बेकारीचे, कारखान्याचे सगळे मुद्दे पाठ होते. दादा म्हणाले, ‘तुजं मत तुजं हाय. तिचं तिला टाकू द्याचं हुतंस.’ आणि न जेवता झोपले. 2008 साली ते वारले, तोवर पुन्हा कधी त्यांनी हा विषय काढला नाही. मलाही तो काढता आला नाही.

मला हवा होता सत्तेतला आमदार. आम्ही निवडून दिला काँग्रेसचा आणि राज्यात आली शिवसेना-भाजप युती, म्हणजे तालुका पुन्हा विरोधी बाकावरच. पण त्याच युतीच्या काळात, 1996 साली, कृष्णा खोरे महामंडळ स्थापन झालं आणि कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाला देणाऱ्या टेंभू योजनेला तोंड फुटलं. आबासाहेब तेव्हा विधानसभेत नव्हते. मग त्यांनी मागितलं म्हणून झालं, की ते नसतानाही झालं असतं? ते वेळेत सत्ताधारी पक्षात गेले असते तर पाणी दहा वर्षं आधी आलं असतं का? रात्री जाग आली की मी दोन्ही बाजूंनी भांडतो. आणि हेही मला खटकतं की इतकी वर्षं त्यांच्या तोडीचं दुसरं माणूस तालुक्यात उभं राहिलं नाही. 2019 ला वयामुळे ते थांबले, त्यांचे नातू लढले आणि 768 मतांनी पडले. त्या रात्री मी पुन्हा आकडे मोडत बसलो होतो.

तेव्हा ‘केलं काय’ हे जरूर विचारा. फक्त चहा संपेपर्यंत उत्तर मिळेल अशी अपेक्षा धरून विचारू नका.

1999 ला मी मतदानासाठी पुण्याहून गावी गेलो. त्या वेळी आबासाहेब पुन्हा निवडून आले. सकाळी आई लुगडं नेसून, पदर सारखा करून दारात उभी होती. दादा नेहमीसारखे आधीच बूथवर. मी चप्पल घालून तिच्याजवळ गेलो, तर ती म्हणाली, ‘मी रातीच त्यास्नी इचारून ठिवलंय. तू मला काय सांगू नगंस.’