अंगठा खोटं बोलतो

फोम बोर्ड विकत घेताना सगळे एकच करतात. अंगठ्याने दाबतात, दोन्ही हातांत धरून जरा वाकवतात आणि मान डोलावतात. मखर करणारा असो, मुलाचा प्रोजेक्ट रात्रीत उरकणारे आईवडील असोत, की माझ्यासारखा रिमोटची विमानं बनवणारा असो, परीक्षा तीच. मखराच्या बाबतीत अंगठा खरं सांगतो. विमानाच्या बाबतीत तो साफ खोटं बोलतो.

"विमान करायचंय," असं मी अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात सांगितलं, तेव्हा दुकानदारांनी कागदी फोम बोर्ड, म्हणजे दोन कागदांमध्ये फोम असलेला, बाजूला सारला. "उडवायचंय ना? मग हा न्या साहेब. वाकवून बघा, वाकतोय का!" हातात आला तो सनबोर्ड. पीव्हीसीचा, पांढराशुभ्र, टणक. 2018 साली थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात बंदी आल्यापासून गणपतीच्या मखरांत जो सर्रास दिसतो, तोच. खरंच वाकेना. पण 20 बाय 30 इंचांचा, 5 मिलिमीटर जाडीचा तुकडा घेतला तर तो जवळपास किलोभर भरतो. अमेरिकेत डॉलर ट्री नावाच्या दुकानांत मिळणारा, तेवढ्याच मापाचा कागदी फोम बोर्ड सुमारे 115 ग्रॅमचा असतो. बरीच वर्षं तो एका डॉलरला मिळायचा, आणि तिकडच्या ‘फ्लाइट टेस्ट’ नावाच्या, रिमोटची विमानं बनवणाऱ्या मंडळींनी आपल्या कितीतरी विमानांचे आराखडे त्याच्याच मापाने बेतले. मला इथे मिळतो तो कागदी बोर्ड त्याहून जड, पण सनबोर्डापुढे पीसच.

तुलना करायचीच तर अंगठा खिशात ठेवून करावी. प्रत्येक बोर्डाची दोन इंच रुंद पट्टी कापायची, दोन जाड पुस्तकांवर टेकवायची आणि मधोमध दोऱ्याने कागदी कप टांगायचा. कपात दहाची नाणी टाकत जायची. एक नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं. पट्टी किती झुकली ते पट्टीनेच मोजायचं. (मराठीत दोन्ही पट्ट्याच, काय करणार.) पुस्तकांमधलं अंतर मात्र हलू द्यायचं नाही, कारण ते दुप्पट झालं तर तेवढ्याच नाण्यांनी झोल आठपट पडतो. आणि शेवटी पट्टीचं स्वतःचं वजन हिशेबात धरायचं. इथे सनबोर्डाचा रुबाब उतरतो. ग्रॅमला ग्रॅम लावून पाहिलं की कागदी बोर्ड त्याला सहज मागे टाकतो.

यातली खरी गंमत कागद सोलल्यावर कळते. एका बाजूचा कागद काढला की तीच पट्टी एकदम ढिली पडते. दोन्हीकडचा काढला तर हातात उरतो तो नुसता फोम, त्याच्यात काही दम नाही. म्हणजे मजबुती सगळी कागदाची. बोर्ड वाकतो तेव्हा एक कागद ताणला जातो आणि समोरचा दाबला जातो. फोमचं मुख्य काम त्या दोघांना एकमेकांपासून लांब धरून ठेवणं. हे अंतर दुप्पट केलं तर ताठपणा जवळजवळ चौपट होतो आणि वजन फारसं वाढत नाही, कारण वाढला तो फक्त फोम. 25 नोव्हेंबर 1940 रोजी इंग्लंडमध्ये पहिल्यांदा उडालेल्या डी हॅविलँड मॉस्किटो या लढाऊ विमानाचं धड याच युक्तीचं होतं: बर्च प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड.

कागद ताणाला पक्का असतो, दाबाला कच्चा. उडताना पंखांची टोकं वर उचलली जातात, म्हणजे दाब येतो वरच्या कागदावर. तिथे आधी चुरगळल्यासारखी बारीक सुरकुती उठते आणि मग पंख तिथेच दुमडतो. खालून चिकटपट्टी मारणाऱ्यांची मला म्हणूनच कीव येते. त्यापेक्षा पंखाच्या आत पतंगाची असते तशी बांबूची कामटी आडवी बसवावी, किंवा बोर्डाचीच पट्टी दुमडून उभी चिकटवावी. शिवाय कागदाला धागा असतो. एका दिशेने तो जास्त ताठ असतो. पंखाची लांबी त्या दिशेने कापली तर वजन न वाढवता फायदा. पावसाळ्यात मात्र सगळंच मुसळ केरात, कारण दमट हवेत कागद फुगतो आणि फोमपासून सुटायला लागतो.

"जड तर जड, मोटर मोठी लावू," असं म्हणणारे खूप भेटतात. पंख तेवढेच ठेवून वजन दुप्पट केलं तर हवेत टिकायला लागणारा किमान वेग सुमारे 1.4 पट होतो. मग त्या किमान वेगाने जरी विमान आपटलं, तरी ऊर्जा चौपट. मजबुतीसाठी वाढवलेलं वजनच मजबुती खाऊन टाकतं. हलकं, लेचंपेचं विमान गवतात तोंडावर पडतं आणि बहुतेक वेळा नाक सरळ करून पुन्हा उडतं. ईपीपी नावाचा रबरासारखा फोम तर आपटून उसळतो, पण तो इतका लवचीक की कामटीशिवाय पंख पंखासारखा राहत नाही. थर्मोकोलबद्दल एवढंच सांगतो की त्याला फेविक्विक लावू नये, विरघळून भोक पडतं.

सगळ्यात शहाणपणाची जागा मला पंख आणि धडाच्या सांध्यात दिसते. तिथे डिंक नाही, स्क्रू नाही. धडातून आरपार घातलेल्या दोन काड्यांना रबरबँड अडकवून पंख बांधलेला असतो. पंखाचं टोक जमिनीला लागलं की तो निमूटपणे निसटतो आणि दोघंही वाचतात. रबरबँड मात्र ताजे घ्यावेत. उन्हात पडून चिरा गेलेले रबरबँडही तुटतातच, फक्त ते जमीन लागायची वाट बघत नाहीत.