आमची वाटचाल : हळदीपासून हेम्पच्या तेलापर्यंत

कुपवाड एमआयडीसीत 2008 साली लॅब टाकली तेव्हा काम कुठून येणार हे ठरलेलंच होतं. सांगलीच्या मार्केट यार्डातली राजापुरी हळद. निर्यातदार आणि अर्क काढणारे कारखाने कुरकुमीनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा, टक्का बघून माल घेतात, म्हणून व्यापाऱ्याला आकडा लागतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 425 नॅनोमीटरला रंग मोजला की कुरकुमीन आणि त्याची दोन भावंडं एकत्रच मोजली जातात. कुणी पिवळा रंग मिसळला असेल तर तोही त्यात जमा. एचपीएलसी यंत्रात नमुना द्रावकाबरोबर एका भरीव नळीतून, म्हणजे कॉलममधून, जातो आणि घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. त्यातल्या सी-18 जातीच्या कॉलमवर तिन्ही वेगळी दिसतात. एवढं पटवून देऊनच आम्ही पहिली गिऱ्हाईकं मिळवली.

वेळ मात्र भलतीच निवडली होती. अमेरिका-युरोपात गाड्या खपेनात, म्हणून प्लास्टिकला लागणारं ॲक्रिलोनायट्राइल कमी बनू लागलं, आणि त्याच्याबरोबर निघणारं ॲसिटोनायट्राइल, म्हणजे एचपीएलसीत लागणारं द्रावक, जगभर मिळेनासं झालं. झळ कुपवाडात! जमेल तिथं मिथेनॉल या दुसऱ्या द्रावकावर पद्धत बसवून घेतली, ती आजही चालू आहे.

2010 ला युरोपात भारतीय द्राक्षं अडली ती वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे. तासगावचा बागायतदार त्याला सीसीसी म्हणतो. हा विद्युतभारित रेणू सी-18 वर थांबतच नाही. वेगळा कॉलम आणि रेणू वजनावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. कर्ज काढून ते यंत्र घेतलं. हप्ते फिटले, एवढंच सांगतो.

मग हेम्प आलं, म्हणजे नशेचा घटक अगदी कमी असलेली भांगेच्या झाडाची जात. नोव्हेंबर 2021 मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या बिया, पीठ आणि तेल अन्न म्हणून मान्य केलं, टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाची मर्यादा घालून. अमली पदार्थांच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. नुसती बी त्यात येत नाही. पण बी नीट साफ केली नाही तर फुलोऱ्याची चिकट राळ टरफलाला लागून तेलात उतरते. तिच्यातलं टीएचसी मोजायचं. गावात बातमी झाली, 'ह्यांनी गांजा तपासायला घेतलाय'. नाही ओ! पोलिसांचा मुद्देमाल सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो, आमच्याकडे नाही.

पद्धत बसवताना खरी मजा आली. झाडात टीएचसी बहुतेक करून आम्लरूपात, टीएचसीए म्हणून असतं. नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या तापलेल्या इंजेक्टरमध्ये त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटून टीएचसी तयार होतं, तेही पूर्ण होईलच असं नाही. मग मुळात काय किती होतं ते कळणार कसं? एचपीएलसीत ती उष्णता नाही, दोन्ही वेगळी दिसतात. टीएचसीएचा आकडा 0.877 ने गुणून टीएचसीत मिळवायचा, कारण वायू गेल्यावर तेवढंच वजन उरतं. तेलातला बारीक अंश पकडायला मास यंत्र घ्यावं तर सीबीडी (त्याच झाडातला नशा न आणणारा घटक) आणि टीएचसी यांचा रेणुभार एकच, 314.5, आणि तुकडेही सारखेच पडतात. कॉलमनेच आधी त्यांची फारकत करायला हवी. महागडं यंत्र आणलं की झालं, असं समजणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवतो.

टीएचसीचं स्टँडर्ड, ज्याच्याशी ताडून नमुना मोजायचा ते, म्हणजे मिथेनॉलमधलं इवलंसं ॲम्प्यूल, मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम. नशेच्या कामाचं नाही, पण कायद्याच्या लेखी टीएचसीच. म्हणून फ्रीजरला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे, मायक्रोलिटरचा हिशोब वहीत, उरलेलं नष्ट करताना दोन सह्या. बघणाऱ्याला वाटतं हे चोरासाठी. मला चोराची तेवढी धास्ती नाही. हळदीच्या काळातच एका व्यापाऱ्याने आमच्या केमिस्ट मुलीला कुरकुमीनच्या टक्क्याबद्दल फोनवर विचारलं होतं, "ताई, साडेतीनचे चार होतायत का बघा की." तेव्हापासून नमुना आला की काउंटरवरच सील तपासायचं, नाव काढून कोड घालायचा. मशीनवर बसणाऱ्याला माल कुणाचा ते ठाऊक नसतं. पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा. पीकची, म्हणजे आलेखावरच्या उंचवट्याची, मोजणी हाताने बदलली तर कुणी, कधी, कशासाठी, हे सॉफ्टवेअर टिपून ठेवतं आणि ते मलाही पुसता येत नाही. थोडा नमुना सीलबंद राखून ठेवतो. वाद झालाच तर दोन्ही बाजूंसमोर फोडायचा.

यापायी काही गिऱ्हाईकं गेली. सील तुटलेला डबा परत केला की माणूस चिडतोच, त्यातून तो जतवरून एसटीने आलेला असला तर विचारूच नका. हेम्पचं काम अजून थोडंच आहे, पगार हळद आणि बेदाणाच भागवतात. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्य चाचण्यांच्या यादीत, कॅनाबिनॉइड (टीएचसी, सीबीडी वगैरे) घालायचा अर्ज केलाय. तोवर तेलाच्या रिपोर्टवर ही चाचणी मान्यतेबाहेरची आहे असं छापूनच देतो.