ऑर्चर्ड स्ट्रीट, नंबर ९७

आज लेकीला घेऊन न्यूयॉर्कच्या टेनेमेंट म्युझियममध्ये गेले. टेनेमेंट म्हणजे गरीब स्थलांतरित कुटुंबं भाड्याने राहायची ती चाळीसारखी इमारत; तिचंच आता संग्रहालय केलंय. १८६३ सालची ही इमारत. एकेक बिऱ्हाड जेमतेम ३२५ चौरस फुटांचं, तीन खोल्या, आणि थेट उजेड फक्त एकीत. सुरुवातीला घरात नळ नव्हता, संडास मागच्या अंगणात. धुण्याभांड्याचं सगळं पाणी बायका खालून बादल्यांनी वर आणायच्या. पोटात बाळ असलं तरी. त्या अरुंद, अंधाऱ्या जिन्यावर मी कठड्याला धरून उभीच राहिले.

१९०१ च्या कायद्याने इमारतीत संडास बांधणं भाग पडलं, तेव्हा कुठे मजल्यावर दोन आले. चार बिऱ्हाडांना दोन! एका घरात तर बाहेरच्या खोलीत शिवणकामाचा कारखाना. तिथेच शिवायचं, तिथेच मुलं वाढवायची.

१९३५ मध्ये नव्या नियमांप्रमाणे दुरुस्ती करण्याऐवजी मालकाने भाडेकरूच काढले. वरचे मजले पन्नासेक वर्षं बंद राहिले, म्हणून आज भिंतींवर वॉलपेपरचे थरावर थर दिसतात.

आमच्या न्यू जर्सीच्या घरात अडीच बाथरूम आहेत. लेकीने हळूच विचारलं, “आई, आजीच्या गिरगावच्या चाळीतही संडास बाहेरच होते ना?” परतीच्या ट्रेनमधूनच आईला फोन लावला. तासभर बोलत होतो.