मनूला माझा आवाज नको

राग आलाय का, तर नाही. वाईट वाटलंय. सकाळपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "ताई, उरलेलं मी माझं मी वाचते, तू नको वाचूस." तिच्या बोलण्यात जराही कडवटपणा नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं.

पुस्तक मीच शोधलं होतं. एरिक लिंडस्ट्रॉमची 'नॉट इफ आय सी यू फर्स्ट', 2015 सालची. पार्कर नावाची शाळकरी मुलगी. लहानपणी अपघातात आई गेली, तिचे डोळेही गेले, आणि आता बाबाही नाहीत. न रडता काढलेल्या प्रत्येक दिवसासाठी ती स्वतःला एक सोनेरी तारा देते. मनूलाही दिसत नाही. तिथवर आले तेव्हाच ठरवलं की हे तिला ऐकवायचं. मग मावशीकडे ऊन उतरलं की गच्चीवर सतरंजी टाकायची, खालच्या बोळातून मागांची खटखट, आणि मी वाचायचे. जीव ओतून वाचायचे. पार्करचा आवाज वेगळा, मैत्रिणीचा वेगळा. ताऱ्यांची जागा आली की गळा दाटायचा, थांबून पाणी प्यायचे. मनू गप्प ऐकायची. मला वाटायचं, तीही...

जाऊ दे.

काय कमी पडलं, असं सरळ विचारलं मी तिला. म्हणाली, "छानच वाचतेस गं. पण तू माझ्या आधी रडतेस. मग मला कळत नाही, मला भरून येतंय ते पार्करमुळे की तुझ्यामुळे." थोडं थांबून म्हणाली, "आणि एक-दोन जागा मला परत ऐकायच्या होत्या. तुला कसं सांगणार?" कुठल्या जागा ते मी विचारलं नाही. सतरा वर्षांची आहे ती.

मग तिनं फोन काढला. स्क्रीन पूर्ण काळी, बॅटरी कशाला जाळायची म्हणते. बोट उजवीकडे सरकवलं आणि स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा तो यांत्रिक आवाज सुरू झाला. इतका भरभर की मला एक शब्द लागेना. ना चढ, ना उतार. रडण्याची जागा आणि बसचं वेळापत्रक त्याला सारखंच. आणि मनूच्या चेहऱ्यावर हसू आलं, मग कपाळाला आठी पडली, मग बोट डावीकडे, तेच वाक्य पुन्हा. गच्चीवर इतके दिवस तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. हेच टोचतंय. त्या सपाट आवाजात तिला पार्कर सापडते आणि माझ्या आवाजात नाही.

पण मी तरी पुस्तक कसं वाचते? कागदावरच्या अक्षरांना कुठे आवाज असतो? तो मी माझा घालते. तिलाही तेवढंच हवंय. पार्करच्या नियमांत एक आहे, मागितल्याशिवाय मदत करू नका. तो मीच वाचून दाखवला होता, आणि मनूला फार आवडला होता.

तरी वाईट वाटतंच.

दुपारी तिचाच फोन. मावशीच्या कपाटातली जुनी मराठी कथांची पुस्तकं तिला वाचायची आहेत. इंग्रजीत हवं ते मिळतं, मराठीत अडतं. कुणीतरी पानांचे फोटो काढून पीडीएफ करतं, ती फोनला चित्रासारखी, मुकी. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल असली तर तो इंग्रजी अक्षरांची खिचडी वाचत सुटतो. मजकूर युनिकोडमध्येच लागतो, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत. ब्रेल तिला येतं, पण एका कादंबरीचे जाडजूड खंड होतात, आणि हवं ते पुस्तक ब्रेलमध्ये असायला तर हवं. म्हणून पानं स्कॅन करायची, संगणकाकडून अक्षरं ओळखून घ्यायची आणि चुका डोळ्यांनी तपासायच्या. 2012च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात अंध वाचकांसाठी अशी प्रत करायला मुभा आहे, हेही तिनंच सांगितलं. "ताई, हे मात्र तूच कर. जोडाक्षरं नीट बघ." हक्कानं मागितलं. विनंतीबिनंती काही नाही.

बसले. पहिल्याच पानावर 'घर'चं 'धर' झालेलं, 'भ'च्या जागी सगळीकडे 'म', रफार तर जिथे तिथे गळालेला. मध्येच एका ओळीशी थबकले, मोठ्यानं म्हणावीशी वाटली. म्हटली नाही. अनुस्वार गेला होता तेवढा घातला आणि पुढे गेले.

जेवणं व्हायच्या आत तीन पानं झाली. पहिली कथा रविवारपर्यंत हवी म्हणालीय.