सातवीची ४२ मुलं आणि नगरचं टँक म्युझियम

मुलीच्या शाळेची सातवीची सहल यंदा नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला गेली (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) आणि पालक म्हणून मी सोबत होते. ४२ मुलं, तीन शिक्षक, दोन पालक. तुमच्या शाळेची सहल ठरत असेल तर काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या, म्हणून सविस्तर लिहितेय.

पुण्याहून साधारण १२० किमी. पहाटे सहाला निघालो म्हणून वाघोली-शिक्रापूरच्या ट्रॅफिकमधून सुटलो, तासभर उशीर केला असता तर अर्धी सकाळ बसमध्येच गेली असती. म्युझियम लष्कराचं आहे, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभं केलेलं, त्यामुळे शाळेचं लेटरहेडवरचं पत्र, मुलांची यादी आणि मोठ्यांची ओळखपत्रं एका फाईलमध्ये हातात ठेवा, आणि आदल्या दिवशी फोन करून चालू आहे ना ते नक्की विचारून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऊन. रणगाडे उघड्यावर उभे आहेत आणि ते अख्खे लोखंडाचे, अकरा वाजले की हात लावला तर चटका बसतो. टोपी, पाण्याची बाटली सगळ्यांकडे हवीच, आणि जमत असेल तर सहल डिसेंबर-जानेवारीतच ठेवा. मुलं रणगाडा दिसला की चढायलाच धावतात, ते बसमध्येच बजावून सांगा, आत गेल्यावर कोणी ऐकत नाही.

आता आमची चूक. शाळेने वर्कशीट दिलं होतं, प्रत्येक रणगाड्याचं नाव, देश, वजन लिहा. तिथे पन्नासेक गाड्या आहेत! पहिला अर्धा तास सगळी मुलं मान खाली घालून पाट्या उतरवत होती, समोर रोल्स रॉइसची जुनी चिलखती गाडी उभी आणि एकही जण वर बघेना. शेवटी बाईंनीच ते कागद गोळा करून घेतले आणि मग सहल खरी सुरू झाली. आठ-नऊ मुलांचा एक गट, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस, आणि फक्त चार-पाच रणगाड्यांपाशी थांबायचं, बाकीचे येता-जाता बघायचे. मी म्हणेन हेच करा.

सुरुवात नावापासून करा, मुलांना आवडतं. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ब्रिटिशांनी पहिल्यांदा रणगाडे उतरवले, पण त्याआधी गुपित फुटू नये म्हणून ही पाण्याची टाकी आहे असं सांगायचे, म्हणून टँक. नंतर पीटी-७६. हा पाण्यात तरंगतो म्हटल्यावर कोणाचा विश्वासच बसेना, वजन जेमतेम १४ टन, शेजारचा सेंच्युरियन पन्नासेक टनांचा. नद्या-नाल्यांच्या पूर्व आघाडीवर १९७१ ला हेच हलके रणगाडे कामी आले, गरीबपूरला तर युद्ध जाहीर व्हायच्या आधीच, २१ नोव्हेंबरला.

पॅटनपाशी, म्हणजे पाकिस्तानने वापरलेल्या अमेरिकन रणगाड्यापाशी, मात्र वेळ द्या. १९६५, पंजाबातल्या असल उत्तर गावची लढाई. शेतात पाणी सोडून चिखल केलेला, त्यात पॅटन रुतले, आणि आपले लोक उसात दबा धरून बसलेले. ऊस मुलांनी पाहिलेला असतो त्यामुळे चित्र लगेच उभं राहतं. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस गनने (रणगाडे फोडायची हलकी तोफ) पॅटन फोडले आणि तिथेच ते गेले, परमवीर चक्र मरणोत्तर. हे सांगून झाल्यावर एका मुलीने विचारलं, पण ज्यांचं शेत होतं त्यांच्या पिकाचं काय झालं? मला उत्तर देता आलं नाही, पण इतका चांगला प्रश्न दिवसभरात दुसरा आला नाही.

अजून एक, आणि हे कोणी सांगत नाही. कोणत्या मुलाच्या घरातलं कोणी सैन्यात आहे ते निघण्याआधी वर्गशिक्षकांना विचारून ठेवा. आमच्यातल्या एका मुलीचे बाबा तेव्हा सीमेवर होते. बाकीची पोरं तोंडाने तोफांचे आवाज काढत होती आणि ती गप्प गप्प होत गेली. माझ्या उशिरा लक्षात आलं. मग तिला घेऊन जरा सावलीत बसले, ती आपणहून बोलायला लागली, मी फक्त ऐकलं. आधी कळलं असतं तर सुरुवातीपासूनच जवळ ठेवलं असतं तिला.

सेंच्युरियन शेवटी ठेवा. आत चार माणसं, कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर, आणि जागा किती ते मुलांनाच खेटून बसायला लावून दाखवलं. मग सेंच्युरियनमधूनच लढलेल्या अरुण खेत्रपाल यांची गोष्ट सांगितली. पूना हॉर्स, १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई, रणगाड्याला आग लागलेली तरी सोडून यायला नकार, तिथेच गेले, वय २१, परमवीर चक्र मरणोत्तर. याच रेजिमेंटच्या तारापोर यांना १९६५ ला परमवीर मिळालं होतं, तेही मरणोत्तरच. पूना म्हणजे आपलं पुणं का, असं एकाने हळूच विचारलं. त्यानंतर तोफांचे आवाज बंद.

निघताना मोजणी आत, गेटच्या अलीकडेच करा आणि पंधरा मिनिटं जास्तीची धरा. आमची ४१ भरली. एक मुलगा सेंच्युरियनपाशीच उभा होता, दिवसभर सगळ्यात जास्त दंगा केलेला. मी चल म्हटलं तर म्हणाला, काकू, माझा दादा २१चाच आहे.