केप फ्लॅटरी: जिथे जमीन संपते

अमेरिकेचा नकाशा उघडून वरचा डावा कोपरा बघा, वॉशिंग्टन राज्याचं एक टोक समुद्रात घुसलेलं दिसेल, ते केप फ्लॅटरी. अलास्का नी हवाई सोडले तर उरलेल्या अमेरिकेचं हे अगदी वायव्य टोक, याच्यापुढे नुसतं पाणी. आईबाबा जुलैमधे आले होते आणि बाबांच्या गुडघ्यांना आता मोठा चढ झेपत नाही, म्हणून मी बरेच दिवस एखादी छोटीशी वाट शोधत होते. ही एका बाजूने पाऊण मैल, म्हणजे साधारण सव्वा किलोमीटर, चढउतार दोनेकशे फुटांचा. म्हटलं ठरलं.

सिॲटलहून गाडीने चार-साडेचार तास तरी लागतातच. शेवटचा बराच वेळ हायवे ११२ पाण्याच्या कडेकडेने वळणं घेत जातो, ज्यांना गाडी लागते त्यांनी तयारीने यावं. मग निआ बे गाव येतं. हे मकाह या इथल्या मूळ रहिवासी जमातीचं गाव, आणि भोवतालचा सगळा भाग, ट्रेलसकट, त्यांच्या रिझर्वेशनमधे, म्हणजे राखीव प्रदेशात, येतो. त्यामुळे आधी त्यांचा रिक्रिएशन पास घ्यायचा, एका गाडीला एक, त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत चालतो.

गावातलं मकाह म्युझियम आधी बघा आणि मग ट्रेलला जा, हे मी आग्रहाने सांगेन. इथून दक्षिणेला ओझेट नावाचं त्यांचं जुनं गाव होतं, काही शतकांपूर्वी दरड कोसळून त्यातली घरं चिखलाखाली गाडली गेली. १९७० साली वादळाने किनारा झिजला आणि वस्तू वर यायला लागल्या, मग अकरा वर्षं खोदकाम चाललं, ५५ हजारांच्या वर वस्तू निघाल्या. चिखलात हवा पोचली नाही म्हणून लाकूड, टोपल्या, दोर असल्या एरवी कुजून जाणाऱ्या वस्तूसुद्धा टिकल्या. जिकडे बघावं तिकडे सीडर, इथलं उंच सूचिपर्णी झाड. घरं सीडरची, देवमाशाच्या शिकारीच्या होड्या सीडरच्या, टोपल्या नी टोप्या सीडरच्या सालीच्या. आई एका टोपलीसमोर इतका वेळ उभी होती की आम्ही तिघं पुढे जाऊन परत आलो.

हे बघून आलं की जंगल वेगळंच दिसतं. पार्किंगपासून वाट लगेच खाली उतरते (लक्षात ठेवा, येताना हाच चढ आहे) आणि दोन मिनिटांत उजेड हिरवा होतो. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे, त्यामुळे बुंध्यांवर शेवाळ, पडलेल्या ओंडक्यांवर शेवाळ, त्याच ओंडक्यांवर उगवलेली हेमलॉकची रोपं, आणि खाली गुडघाभर नेचे. स्प्रूस नी सीडर इतके उंच की शेंडा बघायला थांबावंच लागतं. जिथे फार चिखल होतो तिथे सीडरच्या फळ्या टाकल्यात. बाकी ठिकाणी मुळं वर आलेली, ओली असली की चांगलीच निसरडी होतात, बूट धड ग्रिपचे हवेत. बाबा काठी टेकत माझ्या मागून येत होते आणि मधेच म्हणाले, "अगं थांब, गाज ऐकू येतेय." खरंच येत होती, खोल, थांबून थांबून. समुद्र मात्र कुठेच दिसेना. पुढची दहा मिनिटं आम्ही सगळे कोणी काही न बोलता नुसते त्या आवाजाच्या दिशेने चालत होतो.

मग झाडं विरळ होतात आणि एकदम कडा येतो. कठडे घातलेले लाकडी डेक आहेत, एकावरून दुसरीकडे जात राहायचं, प्रत्येकावरून वेगळी घळ दिसते. लाटांनी कडे आतून पोखरून गुहा केल्यात, त्यात लाट शिरली की आवाज आधी पायांना कळतो, मग कानांना. पाणी निळंहिरवं, त्यात केल्प या समुद्री शेवाळाच्या लांब वेण्या हलत असतात. शेवटच्या डेकवरून समोर टाटूश बेट, अर्ध्या मैलावर, त्यावर १८५७ साली पहिल्यांदा पेटलेलं दीपगृह, आता ते बंद आहे. रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने इथून जवळच्याच मकाह बेमधल्या खडकांवरून तारामासे काढून टाकून बघितले होते, तर शिंपल्यांनी बाकीच्यांना हुसकावून सगळी जागा बळकावली, आणि त्यावरूनच १९६९ साली त्याने कीस्टोन प्रजाती, म्हणजे जी काढली की बाकीची सगळी घडी विस्कटते अशी प्रजाती, हा शब्द आणला. पुढे कित्येक वर्षं तो या टाटूशवर काम करत होता. बेटावर आपल्याला मकाहंच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

आम्ही पोचलो तेव्हा धुकं होतं. कॅप्टन कुक २२ मार्च १७७८ ला या टोकाजवळ आला होता. एक छोटीशी फट दिसली, बंदर मिळेल अशी आशा वाटली, ती खोटी ठरली, म्हणून त्याने नाव ठेवलं फ्लॅटरी, खोटी आशा दाखवणारं या अर्थाने. इथे सामुद्रधुनी असल्याचा काही संभवच नाही असंही त्याने लिहून ठेवलं, रात्र नी खराब हवा यात पुढे निघून गेला. आणि हुआन दे फुकाची सामुद्रधुनी इथेच, या टोकाला लागूनच आहे, तोंड वीसेक किलोमीटर रुंद. नऊ वर्षांनी बार्कली या इंग्रज व्यापारी कप्तानाला ती सापडली. तासाभराने धुकं उठलं आणि पलीकडे कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाची काळसर रेघ दिसायला लागली तेव्हा मला हे सगळं आठवलं, एवढं मोठं पाणी खरोखरच दिसलं नसेल कुकला.

मकाह लोकांचं स्वतःचं नाव वेगळं आहे, त्याचा अर्थ खडकांपाशी आणि सीगल्सपाशी राहणारे लोक. बाबांना हे सांगितलं तर ते कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिले, खडक तर होतेच, त्यावर सीगल्स बसलेले. मला तर नकाशावर हेच नाव हवं असं फार वाटलं. पफिन उन्हाळ्यात दिसतात, आम्हाला एकच दिसला, केशरी चोच घेऊन घाईघाईने बेटाकडे गेला.

या वाटेला कोणी तासाभरात उरकायची वाट समजू नये, आम्ही नुसत्या शेवटच्या डेकवर दीड तास होतो.

परत चढताना बाबा तीनदा थांबले. दम घ्यायला थांबत असतील म्हणून मी काही बोलले नाही, पण दर वेळी मान कलती करून म्हणायचे, "अजून येतेय बघ." तिसऱ्या वेळी आईने पण कान दिला. वरच्या जाड सीडरपाशी शेवटची ऐकू आली.